तीट डाव्या हाताला

"तुझं गिऱ्हाईक पुडी वाचणार नाही, गंगे. ते पुडीकडं नुसतं बघणार."

धम्मप्रियानं हे मला दोन वर्षांपूर्वी सांगितलं, नांदेडला, तिच्या घराच्या वरच्या खोलीत. मी चहा पीत होते. मनात म्हटलं, हिला काम पाहिजे म्हणून ही मला घाबरवून राहिली.

हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढं मी बऱ्याच जणांवर संशय घेतलाय आणि त्यातला पहिला चुकीचा संशय हाच होता.

धम्मप्रिया आणि मी नांदेडला एका कॉलेजात, एका बाकावर होतो. मी बी.एस्सी. करून लग्न करून लातूरला आले. तिनं डिझाईनचं शिक्षण घेतलं आणि घरीच काम सुरू केलं. दुकानांच्या पाट्या, पाकिटं, खोकी, काय लागेल ते. लोक तिला 'कॉम्प्युटरवर चित्रं काढणारी' म्हणायचे. खरं सांगायचं तर मीही तेच समजत होते.

तिच्याकडं मी गेले ते खिमटीसाठी. माझा मुलगा बसू सहा महिन्यांचा झाला आणि डॉक्टरांनी वरचं खायला सुरू करा म्हणून सांगितलं. बाजारातल्या डब्यांवर माझा विश्वास नाही. डब्यामागची बारीक अक्षरं मी दोनदा वाचते, तरी वाटतं काहीतरी लपवलंय. म्हणून घरीच मूगडाळ, तांदूळ आणि थोडी ज्वारी धुऊन, वाळवून, भाजून दळून आणली. बसूला मानवली. शेजारच्या बाळंतिणीनं मागितली, तिच्या बहिणीनं मागितली. कंधारला माझं माहेर. तिथं अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, गल्लीत चार जणींना दिली आणि त्या चौघी पुन्हा आल्या. तेव्हा नवरा म्हणाला, रीतसर कर. परवाना काढला, नाव ठेवलं 'घासभर', पांढरी तयार पाकिटं आणली. वर लावायला स्टिकर तेवढं पाहिजे होतं.

धम्मप्रियानं स्टिकरबद्दल एक शब्द बोलायच्या आधी प्रश्नच विचारले. पुडी कुठं विकणार? तिथं फळीवर शेजारी काय असतं? घेणारी वाचते का, की सासूला पाठवते? बाळाचा फोटो टाकणार असशील तर तो कुणाकुणाकडं राहील? मूळ फाईल कुणाच्या ताब्यात? उद्या कुणी हुबेहूब अशीच पुडी काढली तर तुझी कोणती, हे अडाणी बाई कशावरून ओळखेल?

मी म्हटलं, "अगं, मला पीठ विकायचंय. मी काय सोनं विकून राहिले का?"

ती हसली नाही. तिनं आपली फी सांगितली, पंधरा दिवस लागतील म्हणाली. पंधरा दिवस आणि एवढी फी, एका चौकोनी कागदाला. मी बसूचा फोटो तिला पाठवून ठेवला, बघते म्हटलं आणि जिना उतरले.

तिथून सरळ मन्मथच्या दुकानात गेले. मन्मथ माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ, नांदेडलाच त्याचं फ्लेक्स आणि स्टिकरचं दुकान आहे. बसूच्या बोरन्हाणाचं बॅनर त्यानंच केलं होतं, त्यामुळं फोटो त्याच्याकडं होताच. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गालावर टपोरी तीट.

"वहिनी, आपल्या बसूचाच टाकू की. घरचंच काम हाय, त्याला काय डिझायनर लागतो?" असं म्हणत त्यानं दहा मिनिटांत पिवळ्या रंगावर बसू बसवला, वर लाल अक्षरांत नाव टाकलं. पैसे घेतले ते फक्त छपाईचे. फाईल राहू द्या माझ्याकडंच, कधीबी लागली तर फोन करा, म्हणाला. मला तो फार मोठा माणूस वाटला.

आणि पुडी चालली. कंधारच्या बायका नाव घेत नव्हत्या. अव्वाच्या दारात येऊन 'हलव्याचं बाळ द्या' म्हणायच्या. पुढं अव्वानं बाजारातल्या गुरुबसप्पा काकांच्या दुकानातही पुड्या ठेवल्या. तिथंही तेच, हलव्याचं बाळ द्या. मला अभिमान वाटायचा. धम्मप्रियाला फोन करून सांगावंसंही वाटायचं, बघ, बघतातच की, आणि माझीच नेतात.

या एप्रिलमध्ये, वर्षाची ज्वारी कोठीत भरायच्या दिवसांत, आरतीचा फोन आला. आरती म्हणजे अव्वाच्या शेजारची सून. तिची मुलगी सात महिन्यांची.

"ताई, ह्या वेळच्या पिठाला वास येऊन राहिला," ती म्हणाली. "औषधासारखा. मी पातेल्यात घातलं आणि भपकन आला, म्हणून दिलं न्हाई पोरीला. ओतून दिलं."

मी तिला शंभरदा विचारलं, एक चमचासुद्धा नाही ना? नाही म्हणाली. बोट चाटवलं का? नाही. मग तू चाखलंस का? जिभेला लावलं म्हणाली, थुंकलं. मी तिला चुळा भरायला लावल्या, डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तरी मी दर तासाला फोन करत राहिले.

आणि त्या तासातासाच्या मध्ये मी माझ्या घरात चोर शोधला. गिरणीवाल्यानं आधी दुसऱ्या कुणाचं काही दळलं असेल. मूगडाळ या वेळी नव्या दुकानातून आणली होती, तिला पॉलिश असेल. आणि आत्याबाई, माझ्या सासूबाई महादेवी, त्या पाकिटं भरायला मदत करतात आणि त्यांना डब्यात कापराच्या वड्या टाकायची सवय आहे. मी घरातला प्रत्येक डबा उघडून हुंगला. आत्याबाई पाटावर बसून बघत होत्या.

"आता माझं तोंडबी हुंग," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं नाही. आरतीला पुडीचा फोटो पाठवायला सांगितलं. तिनं पाठवला. पुडी वरून खाली दुमडून चिमटा लावलेली, नाव घडीत गेलेलं, बसूच्या शेजारचं चित्र आरतीच्या बोटांखाली झाकलेलं. पांढरं पाकीट, पिवळं स्टिकर, हलव्याच्या दागिन्यांतला बसू. माझीच पुडी. पण फोटोत काहीतरी चुकत होतं आणि मला ते सापडत नव्हतं. मी तो मोठा करून पाहिला, लांब धरून पाहिला. नवऱ्याला दाखवला. शिवम क्लासमध्ये बायोलॉजी शिकवतो, त्याला बारकाईनं बघायची सवय आहे. तो म्हणाला, आपलीच आहे, तू झोप काढ थोडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसूची आंघोळ झाली. तो आता पावणेतीन वर्षांचा आहे, पण आत्याबाई अजून त्याला तीट लावतात. समोर बसतात, डाव्या हातानं हनुवटी धरतात आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यांच्या उजवीकडं जो गाल येतो त्यावर टेकवतात. रोज तोच गाल. जन्मल्यापासून दुसरा गाल त्यांनी काळा केलेला नाही.

मी मोबाईल उघडला. फोटोतल्या बसूची तीट डाव्या हाताला होती.

कपाटातली माझी पुडी काढून शेजारी धरली. माझ्या पुडीवर तीट आपल्या उजव्या हाताला. आरतीच्या पुडीवर डाव्या. ती पुडी माझी नव्हती. कुणीतरी माझं पोर उलटं करून दुसऱ्याच पुडीवर बसवलं होतं.

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. माझ्या मनात पहिलं नाव आलं ते धम्मप्रियाचं. फोटो तिच्याकडं होता. काम तिला दिलं नव्हतं. राग असणारच. मन्मथचं नाव डोक्यात आलंच नाही, कारण तो घरचा. फोटो दोघांकडं होता, मग एक चोर आणि एक घरचा हे मी कशावरून ठरवलं, ते मी नंतर स्वतःला विचारलं. उत्तर काही चांगलं आलं नाही.

फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "तू बसूचा फोटो कुणाला दिलास?"

तिनं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "गंगे, तू काम दिलं नाहीस त्याच आठवड्यात मी फोटो काढून टाकला. तुला तसं लिहिलंही होतं. आपल्या मेसेजमध्ये वर जा."

मी वर गेले. दोन वर्षांपूर्वीचा मेसेज तिथं होता. काम पुढं जात नाहीये, म्हणून बाळाचा फोटो माझ्याकडून डिलीट केला आहे, कळावं. त्याच्याखाली माझा अंगठा. वाचला नव्हता, नुसता अंगठा दिला होता.

माफी मागायला मी तोंड उघडलं, पण तिला त्याची घाई नव्हती. "पुडीत काय आहे, ते कळलं का?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"चोरी कुणी केली ते नंतर बघ. आधी आत काय आहे ते बघ. वास औषधाचा आहे म्हणतेस ना?"

तोवर मी फक्त नकलीपणाचा विचार करत होते. कुणीतरी माझ्यासारखं पीठ विकतंय, माझं नाव खराब करतंय, एवढाच. ते पीठच नसेल हे मला सुचलं नव्हतं.

पहिल्या गाडीनं कंधारला निघाले. बसूला घरी ठेवलं. निघण्याआधी सगळ्या पुड्या कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. आत्याबाई म्हणाल्या, "मलाबी आत घाल की." लोह्यापर्यंत मी खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक पानटपरीवर, किराण्यावर पिवळा रंग शोधत होते.

आरतीनं पुडी जपून ठेवली होती, घराबाहेर, तुळशीच्या मागं. मी चिमटा काढला आणि घडी उलगडली. वर लाल अक्षरांत नाव होतं 'कोठीरक्षक'. बसूच्या शेजारी, माझ्या पुडीवर डाव्या अंगाला वाटी-चमचा आहे, इथं उजव्या अंगाला ज्वारीचं पोतं. आणि अगदी तळाला, पाकीट जिथं दुमडून उभं राहतं त्या वळणात, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : साठवणीच्या धान्यात मिसळण्याची कीडनाशक पावडर, खाण्यासाठी नाही, मुलांपासून दूर ठेवा.

मुलांपासून दूर ठेवा, आणि वर माझा मुलगा हसत होता.

आरतीला मी विचारलं, तुला तर वाचता येतं. मी ओरडले नव्हते, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"येतं की, ताई. बारावी झालीय माझी. आत्यांनी बाजारातून आणली, मी फोडून पातेल्यात घातली. घरातल्या माणसाचं नाव कुणी वाचून बघतं का?"

मग मी गुरुबसप्पा काकांच्या दुकानात गेले. दुकान अर्धं किराणा, अर्धं शेतीचं सामान. फळीवर दोन्ही पुड्या एका रांगेत लावलेल्या, माझी, ती, माझी, ती. लांबून एकाच घरातली भावंडं वाटत होती. मी काकांना विचारलं, या वेगळ्या आहेत हे माहीत होतं का.

"तुमच्याच घरचा माल वाटला, बाई," काका म्हणाले. "एक पोरगा मोटारसायकलवर आला, बारा पुड्या ठेवून गेला. मी बघितलं, बाळ तुमचंच हाय. म्हटलं, अव्वानं नवीन काहीतरी काढलं असंल."

आणि गिऱ्हाईक हलव्याचं बाळ मागायचं. काकांचा हात जी लागेल ती द्यायचा.

तळातली अक्षरं मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी फळीवरच्या त्या पुड्या एकेक उतरवून माझ्या पुढ्यात ठेवल्या. म्हातारा माणूस आहे, त्यांना मी काय बोलणार. बारांतल्या पाच पुड्या फळीवर होत्या. सात गेल्या. एक आरतीची. राहिल्या सहा. काकांनी कॅलेंडरचं पान उलटं करून आठवून आठवून नावं सांगायला सुरुवात केली आणि मी लिहीत गेले. पाच जणी ओळखीच्या निघाल्या. अव्वा आणि आरतीची सासू तिथूनच घरोघर निघाल्या. दोघींनी खरंच कोठीत घालायला नेली होती. एकीची पुडी अजून फोडलेली नव्हती. एकीनं फोडली होती, नातवाला द्यायची म्हणून दूध तापवत ठेवलं होतं. हे अव्वानं मला फोनवर सांगितलं. पाचवी आम्हाला संध्याकाळी मिळाली.

सहावीचं नाव काकांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदेडची गाडी धरली. पावडर बनवणाऱ्याचा नंबर पुडीवर होता, तो बंद लागत होता. पण स्टिकर कुणाचं हे मला आता विचारावं लागणार नव्हतं. रस्ताभर मी एकच मनात म्हणत होते, मन्मथच्या दुकानातून कुणीतरी फाईल चोरली असेल. तो घरचा आहे, हे मला अजून सुटत नव्हतं.

मन्मथनं खुर्ची पुढं केली, थंड मागवलं. मी दोन्ही पुड्या टेबलावर ठेवल्या. तो घाबरला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला उलट आनंद झाला.

"ही बी आपलीच," तो म्हणाला आणि कॉम्प्युटरवर फोल्डर उघडला. फोल्डरचं नाव 'पिवळं बाळ'. आत माझा बसू अकरा वेळा होता. लोणच्याच्या बरणीवर बसू. शिकवणीच्या जाहिरातीत बसू. सरकीच्या पेंडीवर बसू, शेजारी म्हैस. "चालू डिझाईन हाय, वहिनी. तुमची पुडी चालली ना, तवापासून लोक येऊन तेच मागतेत."

मी विचारलं, याला उलटं का केलं.

"ते पोतं उजव्या अंगाला घ्यायचं होतं. पोरगं पोत्याकडं बघायला पायजे ना. म्हणून पलटवलं."

मी त्याला सांगितलं की कंधारला एका बाईनं या पावडरीसाठी दूध तापवलं होतं. थोडा वेळ त्यानं माऊस नुसता हलवला. मग म्हणाला, "मी तर फुकट करून दिलं होतं, वहिनी. तवा तुम्ही फाईल मागितली न्हाई, काही विचारलं न्हाई. कुणाला देऊ नको, असंबी म्हटलं न्हाई."

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला जास्त राग आला. मी त्याच्यासमोर अकराच्या अकरा फायली काढायला लावल्या. मग म्हटलं, पेनड्राइव्ह. मग मोबाईल. मग मेल. त्यानं सगळं काढलं. काढलंच असेल. मी अजून रस्त्यानं जाताना पिवळं काही दिसलं की थांबते.

त्या पावडरवाल्याचा दुसरा नंबर मन्मथकडं होता. तो उचलला गेला. माणूस म्हणाला, माल माघारी घेतो, कशाला गवगवा करता. त्याच्याकडं परवाना आहे का, या प्रश्नावर त्यानं फोन ठेवला. मी कृषी खात्यात आणि पोलिसांत लेखी अर्ज दिलाय. दोन्हीकडून चौकशी चालू आहे असं सांगतात.

मन्मथच्या दुकानातून धम्मप्रियाच्या घरी जायला दहा मिनिटं लागतात. दोन वर्षांपूर्वी मी हाच रस्ता उलटा चालले होते. दार तिच्या आईनं, पंचशीला काकूंनी उघडलं. धम्मप्रिया खाली आली, माझ्या हातातल्या पुड्या घेतल्या, खिडकीपाशी नेऊन दोन्ही बघितल्या. मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, ते नंतर. सहावी बाई वाचते का?

काकांना एवढं आठवत होतं, की तिला वाचता येत नाही.

"मग वर्तमानपत्रात छापून काही होणार नाही," ती म्हणाली आणि बसली.

तिला काम करताना मी पहिल्यांदाच बघितलं. दोन पुड्या शेजारी शेजारी, मोठ्या. एकीवर तीट उजव्या हाताला, खाली चुलीवरचं पातेलं. दुसरीवर तीट डाव्या हाताला, खाली पोतं आणि त्यावर लाल फुली. मला ते झालंच असं वाटलं. मी छापायला घाई करत होते. तिनं आईला हाक मारली. पंचशीला काकू शाळेत गेलेल्या नाहीत. धम्मप्रिया त्यांना म्हणाली, वाचायचं नाही, सांगायचंही काही नाही मी, नुसतं बघ आणि काय कळलं ते सांग.

काकूंनी चष्मा पुसला, बघितलं. "दोन पुड्या हायत," त्या म्हणाल्या. "ही साधी. आणि ही तांबड्या फुलीची म्हणजे दवाखान्याची. बाळाला बरं नसलं तर ही द्यायची."

हेच मी छापायला निघाले होते. धम्मप्रियाला काहीच वाटलं नाही, तिनं फुली पुसली. पोतं उघडं दाखवलं, तोंडाशी मेलेले किडे पडलेले, आणि बाळाच्या पुढ्यातली वाटी एक हात मागं ओढतोय. तीट मोठी केली, तिच्याभोवती गोल काढला. पुन्हा आईला बोलावलं. या वेळी काकू लगेच म्हणाल्या, "ही किडे मारायची. पोराला देऊ नको म्हणते. तीट बघून घ्यायची." मग धम्मप्रियाला म्हणाल्या, "एवढ्यासाठी दोनदा जिना चढायला लावलास."

धम्मप्रियानं पैशाचं काही काढलं नाही, तेव्हा मला पुन्हा संशय आला. ही फुकट का करतेय? माझी खोड अशी की मी विचारलंच.

"फुकट नाही," ती म्हणाली. "याचं बिल येईल तुला. आणि नवीन पुडीचंही. फाईल तुझ्या नावावर, तुझ्या ताब्यात. पुडीवर बाळ नसेल. फळीवर तुझ्या शेजारी काय काय ठेवतात ते बघायला मी आधी कंधारला आणि लातूरला येणार. पंधरा दिवस लागतील."

मी म्हटलं, लागू दे.

माझ्या जुन्या पुड्या मी सगळ्या दुकानांतून परत आणल्यात. नवी होईपर्यंत घासभर बंद आहे. शिवमच्या क्लासमधले एक सर परवा आपल्या गूळ-शेंगदाण्याच्या पाकिटाचं बोलत होते, मेहुण्याकडून फुकट करून घेतो म्हणाले. मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी माझ्याकडं जसं बघितलं, तसंच बहुतेक मी त्या दिवशी धम्मप्रियाकडं बघितलं असणार. हिला कुणाचं तरी काम मिळवून द्यायचंय, असं.

तो चित्राचा कागद आम्ही कंधारच्या बसस्थानकात लावला, बाजारात लावला, लोह्याला लावला. मुखेडच्या गाडीत कंडक्टरनं स्वतः लावून घेतला. पाच घरांतल्या आणि काकांच्या फळीवरच्या पुड्या माझ्यासमोर फोडून खड्ड्यात पुरल्या. आज अकरावा दिवस आहे आणि सहावी पुडी सापडलेली नाही.

काकांना आठवतं ते एवढंच. रविवारच्या बाजाराचा दिवस. वय साठीच्या पुढं, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. हातात लग्नात मिळते तसली कापडी पिशवी, तिच्यावरची नावं धुऊन धुऊन उडालेली. मुखेडच्या गाडीची वेळ झाली, पाटी वाचता येत नाही, कुणाला तरी विचारावं लागतं, म्हणून घाईत होती. लेक बाळंतपणाला आलीय, बाळ आता वरचं खाईल म्हणाली. कंधारच्या बाया हलव्याचं बाळ देतात म्हणून ऐकलंय, तेच द्या म्हणाली.

म्हणजे ती माझंच नाव ऐकून आली होती.

मी अव्वाबरोबर दोन गावं फिरले. तिसऱ्या गावात लोकांनी विचारलं, तुम्ही कुणाच्या, कशाला घरात डोकावता. त्यांचंही बरोबर आहे. अनोळखी बाई येऊन तुमच्या फळीवरची पुडी दाखवा म्हणाली तर मीही दार लावून घेतलं असतं. तुम्ही मात्र तिथले असाल. कंधारच्या पलीकडं, मुखेडच्या वाटेला तुमचं गाव असेल, नाहीतर पाहुणे असतील. तुमच्या गल्लीत बाळंतपणाला आलेली लेक असेल, पाच-सात महिन्यांचं बाळ असेल आणि घरात हिरव्या लुगड्याची आजी असेल, तर आज एकदा तिथं जाऊन या. नुसता फोन करू नका. फोनवर ती म्हणेल, आमची पुडी चांगली हाय, बाळाचा फोटो हाय तिच्यावर. आत जा, चुलीजवळची फळी बघा. पिवळ्या कागदावर हसणारं पोर दिसलं तर नाव वाचत बसू नका. तीट कुठल्या हाताला आहे तेवढं बघा.